तरंगणारा चेहरा

एकलहऱ्याजवळच्या कोळसा धुण्याच्या हौदात जड भुकटी कालवलेलं काळं पाणी असायचं; त्यात कोळसा वर तरंगायचा आणि दगड तळाला जायचा. मागच्या महिन्यात शेखर हौदावर वाकला, तेव्हा त्याचं प्रतिबिंब दगडासारखं बुडालं. त्याच संध्याकाळी शेखर कोळसा वाहणाऱ्या फिरत्या पट्ट्यात ओढला गेला आणि मेला. पट्ट्याचं बटण सांभाळणाऱ्या उमरनं दोन्ही पाहिलं होतं आणि पोटातच ठेवलं होतं.

आज तो आणि त्याच्या हाताखालचा नाथा हौदावर शेजारी शेजारी वाकले. काळं पाणी डचमळलं आणि दोन चेहऱ्यांतला एक बुडाला. बुडाला तो नाथाच, आज मरण त्याचंच, हे उमरनं ठरवून टाकलं.

"नाथा, पट्ट्यात दगड अडकलाय. काढ जा."

"आधी पट्टा बंद करा, उमरभाई. लय ओढ हाय त्याला."

"करतो, तू जा."

नाथा गेला. उमरचा हात बटणाकडे गेलाच नाही. निवांत होऊन तो पुन्हा हौदावर वाकला. पाण्यात त्याचा स्वतःचा चेहरा नव्हता.

नाथाचा चेहरा अजून पाण्यावरच होता, एकटा, उमरकडे बघून हसत.