जांभळीवरची चांदणी

आंबोलीच्या जंगलात ते ऑर्किड पहिल्यांदा पाहिलं भागीरथी झोरेनं. उंच जांभळीवर, टोकदार पाकळ्यांच्या पांढऱ्या चांदण्या. तिनं वनस्पतिशास्त्राच्या सबनीस सरांना नेऊन दाखवलं. सरांनी शोधनिबंध लिहिला, फुलाला आपल्या पत्नीचं नाव दिलं. भागीरथीचं नाव कुठेच नव्हतं. होता तो ‘एक स्थानिक मजूर’. लेकीनं वाचून दाखवलं तेव्हा तिला कळलं.

वीस वर्षांनी सर पुन्हा आले, काठी टेकत.

“ही गेली गं मार्चमध्ये. तिचं फूल एकदा बघू दे. हा डोंगर पुन्हा माझ्याच्यानं चढवणार नाही.”

भागीरथीला क्षणभर गलबलून आलं. तरी जांभळीखाली ती थांबली नाही. वर फांदी फुलांनी लगडलेली. सर मान खाली घालून, पायवाटेवर नजर ठेवत पाय टाकत होते. दुपारपर्यंत फिरवून ती म्हणाली, “यंदा फुललंच नाही, सर.”

डोळे पुसत सर गाडीत बसले. मग ती खिडकीशी वाकली.

“फुललंय, सर. त्या झाडाखालूनच आलो आपण.”

सरांनी दार उघडून एक पाय खाली टाकला. डोंगराकडे पाहिलं. पाय हळूच आत घेतला.

भागीरथीनं दार लावून दिलं.