तीन वाट्या पाणी

किडन्या थकल्यावर सोलापूरच्या डॉक्टरांनी आप्पांना दिवसाला तीनच वाट्या पाणी नेमून दिलं. तहानलेल्या सासऱ्यांना मोजून पाजताना सोजरचा जीव गलबलायचा. आज महिपती, तिचा नवरा, मुंबईची तिकिटं घेऊनच आला. तिथलं मशीन आठवड्यातून दोनदा रक्त धुऊन देतं. डॉक्टर मात्र म्हणाले होते, “चौऱ्याऐंशीचं वय. दिवस वाढतील, पण मशीनपाशीच जातील.” आप्पा हसले. “कुर्डुवाडीला मी जलमभर इंजिनांचे बॉयलर धुतले. लई जुना बॉयलर धुतला की गळतो. गाळानंच भोकं बुजल्याली असत्यात.” “आप्पा, माणूस म्हंजे बॉयलर न्हाय!” महिपती कळवळला. “व्हय की. बॉयलरला कुणी इचारत न्हाय. मला तरी इचार.” महिपतीनं तिकिटं खिशात घातली. “काय पायजे, आप्पा?” आप्पांनी सोजरच्या हातातल्या वाटीकडं पाहिलं. तिनं ती पालथी घातली आणि माठातून तांब्या काठोकाठ भरून आणला.