कालचं जेवण

“काल सकाळपासून काय काय खाल्लं ते आठवून सांगा,” टॅब मांडीवर घेत ऋजुता म्हणाली. ती परदेशात आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य शिकत होती आणि तिचा प्रबंध मेळघाटातल्या गरोदर बायकांच्या आहारावर होता. सुगरतीचं नाव तिनं काल संध्याकाळीच या घरी येऊन नोंदवलं होतं.

“सकाळी चहा, दुपारी भाकर,” सुगरती म्हणाली.

“आणि रात्री?”

सुगरती नुसतीच हसली. दारात मोहफुलं निवडणारी सासू बोलून गेली, “रात्री पाणी पिऊन झोपली.”

“सातव्या महिन्यात उपाशी?” ऋजुताचा आवाज चढला. “बाईनंच का शेवटी जेवायचं? हिच्या वाटचं खाल्लं कुणी?”

सासूनं मोहफुलांची टोपली जवळ ओढली. सुगरतीनं घाईघाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. “राहू द्या ना ताई. दारी आलेल्या पाहुणीला तसंच कसं पाठवायचं?”

कालची चुलीवरची गरम भाकर ऋजुताला आठवली. नको नको म्हणत घेतलेली दुसरीही आठवली. तिचे कान तापले. टॅबवर पुढचा प्रश्न आला होता: न जेवण्याचं कारण. खाली पाच पर्याय होते. ते तिनंच लिहिले होते आणि त्यांत ती स्वतः कुठंच नव्हती.