सरावाचा गोळा

उद्या दिगंबरच्या मेंदूतली गाठ काढायची होती. तो वर वॉर्डात पेपर वाचत पडला होता. खाली प्रयोगशाळेत, त्याच्याच कातडीच्या पेशींपासून वाढवलेल्या मेंदूच्या गोळ्यावर डॉक्टर नाझरे आज सराव करणार होते. काचेआडून तो गोळा पाहताना दिगंबरच्या बायकोच्या, वत्सलाच्या, मनात पाल चुकचुकली.

"याला काही कळत नाही ना हो, डॉक्टर?"

"काहीतरीच काय, ताई. नुसतं मांस आहे ते."

वत्सलानं मान डोलावली, पण नजर हलवली नाही. मग भूल देणाऱ्या बाई इथं कशाला आल्यात?

नाझऱ्यांनी चाकू उचलला. गोळ्याला जोडलेल्या पडद्यावरची थरथरती रेघ पाहून बाईंनी सवयीनं त्यांचा हात धरला.

"थांबा, डॉक्टर. दिगंबरराव अजून पुरते झोपलेले नाहीत."