आपत्कालीन मार्ग

"डावीकडे जरा. अजून. हां, बस्स!"

सोनबाने स्टुलावर उभं राहून शेवटचा स्क्रू पिळला. हिरवी पाटी, तिच्यावर धावणारा माणूस, दाराकडे बाण आणि तिन्ही भाषांत तेच: आपत्कालीन मार्ग.

"मॅडम, पण ह्या दारामागं मार्ग कुठं हाय?" तो खाली उतरत म्हणाला. "भिंत हाय."

खरंच होतं. पूर्वी त्या दारातून मागच्या पार्किंगमध्ये निघता यायचं. मग शेजारच्याने भिंत घातली आणि बँकेने उरलेल्या बोळात मोडक्या खुर्च्या भरल्या. दाराचा बोळाच्या बाजूचा लॅच तर कधीच तुटला होता. गेल्या महिन्यात सोनबा खुर्ची ठेवायला आत गेला, मागे दार लागलं, आणि बिचारा तासभर आतून थापा मारत राहिला. बाहेर कुणाला ऐकू येईल तर शपथ! शाखेत आठवडाभर त्यावर हसणं चाललं होतं.

"आजच्या दिवसापुरती रे," नम्रता म्हणाली. "साहेब गेले की काढू."

साहेब म्हणजे विभागीय कार्यालयातले सर्जेराव. शाखेतल्या पाट्या आणि सूचना नियमाप्रमाणे लावल्यात का, एवढंच बघायला ते येणार होते. एवढंच! पण त्यांच्या शेऱ्यावर नम्रताची अमरावतीची बदली अडकली होती. हडपसरच्या या शाखेची मॅनेजर म्हणून ती इथे एकटी राहत होती आणि तिची सहा वर्षांची मुक्ताई तिकडे आजीपाशी वाढत होती. फोनवर रोज एकच प्रश्न, आई तू कधी येशील? नम्रताला आता त्या फोनचीच धास्ती वाटायची.

सुट्टीला आलेली मुक्ताई समोरच्या बाकावर पाय हलवत बसली होती. नुकतंच वाचायला लागलेलं पोर. दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची.

"का-र्या-ल-यी-न वेळ..."

"चला, मला जोडीदार मिळाला," बाकावर शेजारी बसलेले बद्रीनाथकाका म्हणाले.

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. पासबुक भरायला यायचे आणि पाट्यांवरून नम्रताचं डोकं खायचे. "तक्रार अधिकारी बदलले, पाटीवर जुनेच. ते काय वारसाहक्काने लटकलेत का?" मग हटकून पुढचं, "आणि आग लागली तर आम्ही कुठून पळायचं, तेही लिहा की कुठेतरी." आज त्यांनी चष्मा सारखा करून हिरवी पाटी वाचली.

"अरे वा! सुचलं म्हणायचं शहाणपण."

काकांकडून एवढं म्हणजे पदकच. नम्रताला हसू आलं.

सर्जेराव दुपारी आले. सेवाशुल्काचा फलक, बँकिंग लोकपालांकडे तक्रार कशी करायची ती पाटी, फाटक्या नोटा बदलून मिळतील ही सूचना. सगळीकडे नजर फिरवत ते हिरव्या पाटीपाशी थांबले.

"दार चालू आहे ना?"

"हो सर."

तेवढ्यात मुक्ताई येऊन तिच्या ओढणीला लोंबकळली. "आई, आपत्कालीन म्हणजे काय गं?"

नम्रताने साहेबांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "आग लागली, धूर झाला, तर घाबरायचं नाही. या बाणाकडे यायचं, हे दार ढकलायचं आणि बाहेर पडायचं. कळलं?"

"कळलं."

"शाब्बास!" सर्जेराव म्हणाले. दार ढकलून बघायची तसदी काही त्यांनी घेतली नाही. शेरा दिला 'समाधानकारक', चहा घेतला आणि गेले.

नम्रताने मुक्ताईला उचलून गरकन फिरवलं. "जमलं गं! आता आपण तिघी एका घरात!" मग सोनबाला म्हणाली, "हिला कोपऱ्यावरून आइस्क्रीम घेऊन दे. पाटी काय, आल्यावर काढ."

दोघं पुढच्या दाराकडे निघालेली तिने पाहिली आणि ती केबिनमध्ये आईला फोन लावायला गेली.

फोन लागायच्या आतच इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांच्या खोलीत फाडकन आवाज झाला. दिवे गेले. काळा, घशात खुपणारा धूर बघता बघता काउंटरपर्यंत आला.

"बाहेर! सगळे बाहेर!" नम्रता ओरडत सुटली. माणसं पुढच्या दाराकडेच धावली, रोजच्या सवयीने. शेवटच्या कॅशियरला ढकलत तीही रस्त्यावर आली. अग्निशमन दलाला कुणीतरी फोन केला होता. तिने भराभर चेहरे बघितले. सगळा स्टाफ होता. सगळ्यात शेवटी खोकत, भिंत चाचपत बद्रीनाथकाका बाहेर आले, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

त्या पाटीकडे कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. पुण्यात पाट्या लिहिणारे रग्गड, ऐकणारा एक नाही. देवा, बरं झालं! आणि मुक्ताई आधीच बाहेर होती, तेही बरं झालं.

कोपऱ्यावरून सोनबा धावत आला. हातातला कोन वितळून मनगटावर ओघळत होता.

"मॅडम, मुक्ताई कुठंय?"

"म्हणजे? तुझ्याबरोबर आली ना ती?"

"दारातनंच माघारी फिरली. पाट्या वाचायच्या राहिल्यात म्हणली, तुम्हीच आणा."

नम्रता आत धावणार तोच काकांनी तिचा हात धरला.

"अहो, घाबरताय काय? पोरगी तुमच्यापेक्षा हुशार. धुरात मलाच म्हणाली, आजोबा, इकडून चला, पाटीवर लिहिलंय. मी म्हटलं, मला पुढचंच दार सवयीचं, तू हो पुढे. ती आत शिरली, तसं मागून दार मीच घट्ट ओढून घेतलं, धूर तिच्यामागे जायला नको म्हणून."