पांढऱ्यावर पांढरा

खरबरीत भिंतीवरची निळी रेघ दोनदा फिसकटली होती. घरमालकीणबाईंनी निक्षून सांगितलं, "आता बिघडली तर उद्यापासून दुसरा रंगारी!" बाबांनी तिसऱ्यांदा चिकटपट्टी लावून निळा डबा उघडला, तशी त्यांचं स्टूल धरून उभी असलेली लेक म्हणाली, "बाबा, आधी पट्टीच्या कडेवर पांढरा फिरवू." "पांढऱ्या भिंतीवर पांढरा? डोकं ठिकाणावर आहे ना? तू आपलं स्टूल धर!" ती हटेना. "पट्टीखालच्या फटींत पांढरा घुसला, की निळ्याला शिरायला जागाच उरणार नाही." "शिकवा, बापाला शिकवा!" म्हणत बाबा खाली उतरले. तिने पांढरा फिरवला, वाळू दिला, मग निळा. बाई दारात आल्या, तेव्हाच तिने पट्टी ओढली. रेघ सुरीने कापल्यासारखी निघाली. "आता कसं!" बाई म्हणाल्या. बाबांनी स्टूल समोरच्या भिंतीपाशी नेलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "चढा, मास्तरीणबाई!"