वेंकोजीरावांचं लिश्टेनस्टाइन

शेजारचे वेंकोजीराव म्हैसूरच्या सरदारांना पेटा, म्हणजे म्हैसुरी पगडी, बांधायला त्यांच्याबरोबर विलायतेला गेले आणि वाटेत एक दिवस आल्प्समधल्या लिश्टेनस्टाइनला राहून आले. श्रीमंत राजाचा तो चिमुकला देश मी वीस वर्षं नकाशावर शिकवतोय. स्वतः जवळच्या तलकाड गावाच्या पलीकडे गेलेलो नाही. मुलांनी हट्ट धरला, म्हणून जळत्या मनानं वेंकोजीरावांना वर्गात बोलावलं. दाराशीच ते कुजबुजले, "अय्यो मास्तर, मी कुठलं पाहतोय? सरदारांना पेटा पसंतच पडेना. दिवसभर खोलीत बांधत-सोडत बसलो." मला केवढं बरं वाटलं! पण मुलं वाट पाहत होती. शेवटी मीच त्यांच्या कानात एक गोष्ट सांगितली. नकाशासमोर उभं राहून ते म्हणाले, "पोरांनो, तिथं राजा आहे, पण फौजच नाही!" पिढीजात शिपायांची मुलं आ वासून ऐकत राहिली. हेच वाक्य मी दरवर्षी सांगतो, तेव्हा तीच जांभया देतात.